ठेका कोणाच्या हातात?

रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत लग्नसराईत कुठल्याही हळदीला जा. मांडव वेगळा, माणसं वेगळी, कालवणाची चवसुद्धा वेगळी. ठेका मात्र तोच.

गाव बदललं तरी ठेका का बदलत नाही?

कारण तो गावचा नाहीच. कुठल्यातरी स्टुडिओत तो कधीचाच टिपून ठेवलाय. डीजे पेनड्राइव्ह लावतो आणि अलिबागची हळद मुरुडच्या हळदीसारखी ऐकू येते.

यंत्राने वादकाला हुकूम सोडणं आजचं नाही. 1902 मध्ये कोलकात्यात भारतातली तबकडीवरची पहिली ध्वनिमुद्रणं झाली, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भोंग्यात तोंड घालून गायचं, तबकडी तीनेक मिनिटांत संपवायची. पुढे 1923 मध्ये अमेरिकेत किंग ऑलिव्हरच्या जॅझ बँडची ध्वनिमुद्रणं झाली. ड्रमच्या दणक्याने सुई उडायची, म्हणून बेबी डॉड्ससारख्या कसलेल्या वादकाला लाकडी ठोकळा वाजवावा लागला. वादक थोर, ठोकळा त्याहून आज्ञाधारक.

मग मायक्रोफोन आला, चुंबकीय फीत आली. 1966 मध्ये लंडनला बीटल्सच्या ध्वनिमुद्रकाने रिंगो स्टारच्या मोठ्या ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला आणि माइक नियम मोडून अगदी जवळ नेला. ड्रम छातीवर आदळू लागला. यंत्र तेच होतं, हट्ट माणसाचा होता.

मुंबईतही असे हट्टी होते. मूळचे गोव्याचे दत्ताराम वाडकर शंकर-जयकिशन यांचे सहायक. ढोलकीवरचा त्यांचा ठेका इतका गाजला की वादक त्याला ‘दत्तू ठेका’ म्हणू लागले. तेव्हा ठेक्याला माणसाचं नाव मिळायचं. आज कीबोर्डवर त्याला नंबर असतो.

1980 मध्ये जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-808 काढलं, वादकाशिवाय वाजणारा ड्रम. 1985 मध्ये तिचाच ऑक्टोपॅड आला: आठ रबरी चौकोन, मागे हवे ते आवाज. आपल्या ऑर्केस्ट्रांनी आणि बेंजोवाल्यांनी तो उचलला. त्यात वाईट काय? काहीच नाही. तो वाजवायला निदान दोन हात लागतात. पेनड्राइव्हला तेही लागत नाहीत.

आता दक्षिण रायगडात या. इथे खालू बाजा आहे. सनई, ढोल, टिमकी, झांज. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नाचते आणि बाजा तिच्या पायांकडे बघून वाजतो. खांदेकरी थबकले की लय उतरते, उसळले की चढते.

हाच बाजा स्टुडिओत नेला की काय होतं? कानात घड्याळासारखी टिकटिक. आधी ढोल वेगळा, मग टिमकी वेगळी, शेवटी सनई. नंतर संगणकावर एकेक ठोका ओढून रेघेवर बसवायचा.

पालखी कधी रेघेवर नाचली आहे का?

म्हणून सगळं जुनं ते सोनं? मुळीच नाही. खाऱ्या, दमट हवेत कातडं सैल पडतं. बाजेवाले ते जाळावर शेकून पुन्हा चढवतात. ड्रमचं प्लॅस्टिकचं पान 1957 च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आलं. भादव्यात गणपतीच्या मिरवणुकीवर पाऊस कोसळतो तेव्हा असं पान हे वरदानच. त्याला नाक मुरडणाऱ्याने आधी भिजलेला ढोल कमरेला बांधून दाखवावा.

डीजेविरुद्ध आपली तक्रार ठरलेली: आवाज फार. बरोबरच आहे. रात्री निवासी वस्तीत 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या नियमांत लिहिलेली आहे. पण ठेका चोरीला गेल्याची तक्रार कुठल्या ठाण्यात नोंदवायची?

एकेकाळी ध्वनिमुद्रण म्हणजे मुंबईची वारी, कंपनीची मर्जी, स्टुडिओचं भाडं. आज प्रत्येक खिशात रेकॉर्डर आहे. आणि आपण टिपतो काय? तीस सेकंदांचं रील, त्यातही निम्मा वेळ आपलाच चेहरा.

जरा नीट टिपा. ढोलाला चिकटून उभे राहू नका. फोन मोठा आवाज आपोआप दाबतो, मग टिमकीची कडकड आणि ढोलाचा घुमारा दोन्ही सपाट होतात. दहा पावलं मागे या, स्पीकरपासून लांब. सगळे वादक एकत्र वाजत असताना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिपा. वाजवणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि ठेक्याला तो काय म्हणतो, हेही त्यातच बोलून घ्या. यंत्राची ताकद एकदा तरी आपल्या ठेक्यासाठी वापरा!

पण नुसतं टिपून भागणार नाही. टिपलेला ठेका जुना होतो, वाजता ठेका वाढतो. वाजता ठेवायचा तर वाजवणाऱ्याची चूल पेटायला हवी. बाजेवाल्यांना आपण काय देतो? नारळ, शाल आणि ‘परंपरा जपताय हो’. डीजेला देतो रोख.

तेव्हा पुढच्या हळदीची सुपारी देताना आधी बाजेवाल्यांकडे जा. वेळ त्यांना चांगली द्या, घासाघीस करू नका, पैसे डीजेच्या बरोबरीने मोजा. गावातलं पुढचं पोर टिमकी शिकणार की नाही, हे त्या रकमेवर ठरतं.