धावण्याआधीचा परवाना

२००१ साली अमेरिकेतील युटा राज्यात जमलेल्या १७ जणांनी ‘अजाइल’ या सॉफ्टवेअर घडवण्याच्या कार्यपद्धतीचा जाहीरनामा लिहिताना प्रक्रिया व साधनांपेक्षा माणसे आणि त्यांचा संवाद श्रेष्ठ मानला. त्याच पद्धतीच्या सेवेत असलेल्या ‘जिरा’ या कामे नोंदवणाऱ्या प्रणालीत मात्र स्प्रिंट, म्हणजे फार तर महिनाभराचा कामाचा टप्पा, सुरू करण्यासाठी ‘मॅनेज स्प्रिंट्स’ नावाची परवानगी लागते. ती प्रकल्पागणिक मिळते, त्यामुळे बोर्डावर, म्हणजे निवडक कामे दाखवणाऱ्या फलकावर, पाच प्रकल्प एकत्र आले की परवानगीही पाचही ठिकाणची असावी लागते आणि चार ठिकाणचा अधिकार शून्याच्याच किमतीचा ठरतो. फलकामागचा फिल्टर, म्हणजे कोणती कामे दिसावीत हे ठरवणारी अट, प्रकल्पांची नावे न घेता लिहिला असेल, तर संबंधित प्रकल्प कोणते हेच प्रणालीला उमगत नाही आणि ती सरसकट सगळ्याच प्रकल्पांची परवानगी मागते. बांधाच्या वादात अवघ्या तालुक्याची संमती मागावी, तसा हा न्याय आहे. मग वैतागलेला प्रशासक सर्वांना सर्व अधिकार बहाल करून मोकळा होतो आणि परवानगी या व्यवस्थेचा हेतूच निकालात निघतो. फिल्टरमध्ये प्रकल्पांची नावे स्पष्ट लिहिणे आणि अधिकार व्यक्तीऐवजी भूमिकेला देणे, एवढाच खरा उपाय आहे. तो अमलात आणण्यासाठीही अर्थातच परवानगी लागते.