लाइट चालू हाय!

बारामतीहून इंदापूरला मोटारसायकलवर निघालेला माणूस स्वतःला एकटा समजत असेल, तर त्याला हा मुलूख कळलेला नाही. साइड स्टँड खाली राहू द्या, काटेवाडी यायच्या आत अर्धा तालुका ती बातमी देतो. चहाच्या टपरीवरून, एसटीच्या खिडकीतून, शेरडांमागून आणि समोरून येणाऱ्या ट्रिपल सीटवरून (तिघेही एका सुरात) ‘ओ, स्टँड! स्टँड!’ अशा आरोळ्या येतात. मागे बसलेल्या बाईचा पदर चाकाकडे झुकला, तर एखादा भला माणूस आपली गाडी आडवी घालून थांबवतो. त्या थांबवण्यातच पडायची भीती जास्त असते, पण भावना बघायची.

या काळजीची खरी कसोटी लागली ती १ एप्रिल २०१७ पासून. तेव्हापासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. बंद करायचं बटणच नाही. दिवसाही गाडी समोरच्याला लांबून दिसावी, हा हेतू. तो इतका सफल झाला, की समोरचा प्रत्येक जण गाडी बघतो आणि मूठ उघडमीट करून दिवा बंद करायला सांगतो. भवानीनगरच्या फाट्यावर एका आजोबांनी मला हात करून थांबवलंच.

“पाव्हणं, लाइट चालू हाय!”

“आजोबा, कंपनीतूनच तशी येते.”

“मग कंपनीला सांगा की. बॅटरी उतरंल.”

२०१२ पासून इटलीची व्हेस्पा बारामतीच्या एमआयडीसीत तयार होते. म्हणजे कंपनीला सांगायला फार लांब जावं लागणार नाही, एवढी सोय आहे.

एवढं सगळं सांगणारी ही माणसं डोक्याबद्दल मात्र अवाक्षर काढत नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं कलम १२९ हेल्मेटचं. आमच्याकडे हेल्मेट आहे. ते कोपरात असतं. कोपराची एवढी निगा राखणारा दुसरा जिल्हा नसेल. ज्यांच्या डोक्यावर असतं त्यांचा पट्टा मोकळा लोंबतो, म्हणजे पडायची वेळ आलीच तर हेल्मेट आधी सुरक्षित बाजूला जाईल.

एका मित्राला मी ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ची गोष्ट सांगून पाहिली. वाळवंटातल्या लढाईतून वाचलेला हा गडी १९३५ साली इंग्लंडातल्या एका साध्या रस्त्यावर सायकलवाल्या दोन पोरांना चुकवताना मोटारसायकलवरून पडला आणि डोक्याच्या माराने गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूच्या सर्जनला ते इतकं लागलं, की त्याने लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटचा उपयोग मांडून दाखवला. मित्राने सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाला, “ते विलायतेतलं झालं. आपल्याला हितंच जायचंय, निमगाव केतकीपर्यंत.”

त्याचं हेल्मेट डोक्यावर चढलेलं मी पाहिलं आहे, नाही असं नाही. समोरून येणाऱ्याने हात हलवून “पुढं मामा हायत” म्हटलं, की क्षणात कोपर रिकामं. रस्त्यावरच्या या काळजीवाहू मंडळींनी आजवर झाकलेली डोकी ती एवढीच.

पालखी महामार्ग चौपदरी झाल्यावर नवी कला आली. दुभाजकातली फट लांब पडते, म्हणून लोक ‘तेवढंच पुढच्या कटपर्यंत’ उलटे येतात, तेही तुमचा दिवा चालू असल्याची खूण करत. याच रस्त्यावर आषाढात तुकोबांच्या पालखीभोवती काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं. दुभाजक नसतो, बोर्ड नसतो, तरी सगळ्या मेंढ्या एकाच दिशेने धावतात.

खरी परीक्षा गाळप हंगामात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी असे सगळे कारखाने पेटलेले आणि रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. हंगामाच्या तोंडावर त्यांना रेडियम लावतात. पण ऊस भरला की वाढं खाली लोंबतं आणि रेडियम त्याआड निवांत झोपतं. मागचा दिवा बहुधा नसतोच. ट्रॅक्टरवरचा स्पीकर मात्र ठणठणीत, त्यामुळे गाणं आधी ऐकू येतं आणि ट्रॉली किती लांब आहे ते चालीवरून ताडावं लागतं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. त्यात समोरच्या जीपचा अप्पर डोळ्यांत. ब्रेक लावायचं सुचेपर्यंत पहिलं कडवंही संपत नाही. अंधारात बुडालेल्या त्या ट्रॉलीला मात्र कोणी मूठ उघडमीट करून दाखवत नाही.

लासुर्ण्याजवळ असा एक ड्रायव्हर चहाला थांबला होता. म्हटलं, आपण सांगावं. “दादा, मागचा लाइट बंद आहे.” त्याने बशी खाली ठेवली, माझ्या गाडीकडे बघितलं.

“तुमचा चालू हाय न्हवं? मग दिसतंय की!”