साजगावचे गिंबलशास्त्री

दिवाळी सरली की साजगावात एक गृहस्थ हमखास बर्फाचं बोलू लागतात. त्यांना गिंबलशास्त्री म्हणू. अशी माणसं खोपोलीपासून पेणपर्यंत सापडतील. फेब्रुवारीत गुलमर्गला जायचं, स्कीइंग करायचं आणि त्याचा व्हिडिओ तसूभरही हलता कामा नये, एवढीच त्यांची माफक इच्छा. तिकिटं काढलेली नाहीत, पायाला स्की कधी लागलेली नाही. पण फोन स्थिर धरणाऱ्या गिंबलचे तीन अक्ष, ब्रशलेस मोटर आणि तो किती ग्रॅमचा फोन पेलेल, यावर ते समोरच्याचा चहा निवेपर्यंत बोलतात. बजेट सात हजार. सेलमध्ये त्यांनी एक गिंबल घेतलाही, आणि त्याहून चांगला कोणता याचा शोध दुसऱ्याच दिवशी सुरू केला. घेतलेल्या गिंबलची मोटर कण्हते ही त्यांची तक्रार खरी आहे. कारण मात्र कंपनीकडे नाही, फोनच्या कव्हरात आहे: तिथे एटीएम कार्ड, घडी घातलेली शंभराची नोट आणि पाठीला चिकटवलेली अंगठी. एवढं ओझं घेऊन फोनचा तोल सुटतो आणि बिचारी मोटर तो सावरत बसते.

पण त्यांची खरी चूक तोलाची नाही, जागेची आहे. गिंबल फोन कुठे कलतोय ते ओळखतो आणि त्याला उलट दिशेने वळवतो. वर-खाली बसणारे दणके तो झेलत नाही. गॅरेट ब्राऊनने सत्तरच्या दशकात स्टेडीकॅम बनवला, 1976च्या ‘रॉकी’त तो वापरला गेला, त्यात दणके पचवायला स्प्रिंगचा हात होता. सात हजारांत तो हात मिळत नाही, तिथे आपले गुडघेच कामाला लावायचे. शिवाय थंडीत बॅटरी लवकर उतरते, जाड हातमोज्यांनी बारीक बटणं दाबता येत नाहीत आणि स्वस्त गिंबलला ओल सोसत नाही. उलट, चित्राच्या कडा कापून हादरे लपवणारा ॲक्शन कॅमेरा (गोप्रोने 2018 सालच्या हिरो 7 ब्लॅकमध्ये हे फार छान साधलं) बर्फात खुलतो, कारण या युक्तीला भरपूर उजेड लागतो आणि उन्हातल्या बर्फावर उजेडाला तोटा नाही. तो महाग पडतो, हा आक्षेप रास्त आहे. पण नवशिक्याचे दोन्ही हात काठ्यांना लागतात. गिंबल धरणार कोण? बायको. ती भाड्याचे गमबूट घालून एका जागी उभी, आणि समोरून हे गाइडच्या आधाराने मुंगीच्या पावलांनी येणार. एवढ्यासाठी कोपर अंगाशी घट्ट धरलं तरी पुरे, आणि त्याला खर्च शून्य. गारठ्याची चाचणीच घ्यायची तर तालुक्यातच, इमॅजिका या थीम पार्कात, स्नो पार्क आहे. पण शास्त्रीबुवांच्या मते तो खोटा बर्फ.

मग सात हजार वाया गेले, असं कुणी म्हणेल. मुळीच नाही. अंधार पडला की कडा कापणारी युक्ती फसते: शटर सावकाश चालतं, हललेलं चित्र फरफटतं आणि नंतर कितीही सावरलं तरी ते डाग निघत नाहीत. गिंबल फोनच स्थिर धरतो, म्हणून कमी उजेडात तोच खरा. आणि असा उजेड, अशी गर्दी, पायी चालत टिपावं असं सगळं कार्तिकी एकादशीपासून साजगाव-ताकईच्या यात्रेत दाराशी येतं. सुक्या मासळीचे ढीग, बल्बांच्या माळा, आणि मासळीच्या त्या बाजारामुळे बोंबल्या म्हणवून घेणारा विठोबा. असा एकसलग शॉट गुलमर्गला जन्मात मिळायचा नाही. सेलमधला गिंबलही नेमका वेळेवर आलेला. शास्त्रीबुवांना हे सुचवावं तर उत्तर तयार असतं, “अहो, यात्रा काय, दरवर्षी असतेच!” शिवाय धुळीने मोटर जाते असं त्यांनी कुठेतरी वाचलंय. म्हणून यात्रेचे पंधराही दिवस गिंबल पूर्ण चार्ज करून डब्यात. बर्फाने मोटर जाते का, याची चौकशी अजून चालू आहे.