खुळखुळणारी बढती

कुवेतमध्ये हवल्लीतल्या आमच्या इमारतीत लिफ्टचं दार उघडायच्या आधीच मुदीर आल्याचं कळतं. कमरेला चाव्या खुळखुळतात. मुदीर म्हणजे अरबीत मॅनेजर. सहा महिन्यांपूर्वी हे गृहस्थ इब्न खल्दून रस्त्यावरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात साधे हिशेबनीस होते. मग बढती झाली. दुकानाची चावी आली, गोदामाची आली, तिजोरीची आली. शुक्रवारच्या सुट्टीतही वाजणारा दुसरा मोबाइल आला. पगार तेवढा यायचा राहिला.

माणूस घासाघिशीत कच्चा आहे, असं मात्र समजू नका. मेथीच्या जुडीपासून विमानाच्या तिकिटापर्यंत कुठलीही वस्तू त्यांनी सांगितल्या भावात घेतल्याची नोंद नाही. ‘अहो, एके काळी आपला रुपया चालायचा इथे!’ हे त्यांचं हुकमी वाक्य. खरंच चालायचा. १९६१ साली कुवेतने स्वतःचा दिनार आणला, तेव्हा एका दिनारला तेरा रुपये आणि वर एक तृतीयांश असा दर ठरला. हे सांगताना मुदीरांचा चेहरा असा होतो, की त्या दिवशी ते तिथे असते तर सौदा बारावर तुटला असता.

पगारवाढीचं गणितही तोंडपाठ. ‘नुसते पन्नास दिनार नाहीत हो ते! नोकरी सोडताना इन्डेम्निटी मिळते ती शेवटच्या पगारावर. पहिली पाच वर्षं पंधरा-पंधरा दिवसांचा पगार, पुढे दर वर्षाला महिन्याचा. माझी झाली बारा. आज पन्नास वाढले, तर निघताना जवळपास पाचशे जास्त!’ हे ते लिफ्टमध्ये सांगतात, जिन्यात सांगतात, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांनाही सांगत असतील. मालकासमोर गेले, की त्याच्या मुलांची चौकशी करून परत येतात.

गेल्या गुरुवारी मात्र हिय्या केला. इस्त्रीचा शर्ट, खिशात आकडेमोडीची चिठ्ठी. मालकाने ‘या मुदीर!’ म्हणत खांद्यावर हात ठेवला, चहा मागवला, चिठ्ठी वाचलीसुद्धा. म्हणाला, ‘इन्शाअल्ला.’

‘कधी?’

‘बुकरा.’

बुकरा म्हणजे उद्या. कुठला उद्या, हे विचारायची पद्धत नाही.

संध्याकाळी लिफ्ट वर येत होती. खुळखुळ जरा जाड वाटली. जुडग्यात सालमियाच्या नव्या शाखेची चावी वाढली होती. मुदीरांच्या दुसऱ्या हातात भाजीची पिशवी.

‘काय, मिळाले का पन्नास?’

‘मिळाले की!’ त्यांनी पिशवीतून मेथी वर काढली. ‘दीडशे म्हणत होता. शंभरला आणली.’

‘पन्नास फिल्स? दिनाराची चिल्लर?’

‘हसू नका. आजच्या भावाने चौदा रुपये होतात. म्हणजे १९६१ चा अख्खा दिनार सुटला!’