हवामानाची हद्द

हवामानबदलाला शिस्त लावल्याबद्दल शासनाचे जाहीर अभिनंदन. हवामानबदलाला तोंड देण्यासाठी जागतिक बँकेच्या कर्जातून 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे गावच्या भाषेत ‘पोकरा’त, 15 जिल्हे बसले. छत्रपती संभाजीनगर बसला, अहिल्यानगर नाही. मध्ये गोदावरी. म्हणजे प्रवरासंगमचा पूल ओलांडून कायगावला गेले की हवामान बदललेले. अलीकडे अहिल्यानगरच्या नेवाशात ते ज्ञानेश्वरांच्या वेळचेच, अगदी ते टेकून बसलेल्या पैस खांबाइतके स्थिर.

आता ढगांनीही जबाबदारीने वागावे. गारा टाकण्याआधी खालच्या रानाचा सातबारा बघावा, जिल्हा वाचावा. पुलाच्या मध्यावर ‘हवामानबदलाची हद्द समाप्त’ असा फलक तातडीने लावावा. (उद्घाटनाला ऊन नको, सकाळची वेळ ठेवावी.)

राहिला प्रश्न भूमिहीनांचा. प्रकल्पात त्यांना शेळ्यांसाठी अनुदान आहे, अर्थात नदीपलीकडे. तेव्हा नेवाशाच्या मजूर आईबापांनी लेक पलीकडच्या गंगापूर तालुक्यातच द्यावी. हुंडा न देता शेळ्या सासरी आपोआप येतील.

प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात जिल्हे 21 झाले. शेजारचा नाशिकही त्यांत आहे. अहिल्यानगर अजून बाहेरच आहे.