मध्येच बोलणारा माणूस

करारात ज्या अटी चक्क शब्दांत सांगितलेल्या असतात त्या व्यक्त, आणि न सांगताही ज्या असतातच त्या गर्भित. १८७२ च्या करार कायद्याने नवव्या कलमात हा भेद दोन वाक्यांत उरकला आहे. रिक्षात बसून पत्ता सांगितलात, की मीटरप्रमाणे पैसे द्यायचं तुम्ही पैशांबद्दल अवाक्षर न काढता कबूल केलेलं असतं. (पुण्यात रात्री यावर स्वतंत्र सुनावणी होते.)

खरी भानगड पुढेच आहे. न बोललेली अट होती की नव्हती, हे ठरवायचं कसं? इंग्लंडात मॅकिनन नावाच्या न्यायमूर्तींनी १९३९ साली युक्ती काढली. दोघांची बोलणी चालली आहेत आणि एक आगाऊ माणूस मध्येच म्हणतो, 'अहो, अमुक अट घाला की त्यात!' यावर दोघांनीही वैतागून 'ते तर आहेच हो!' म्हणत त्याला गप्प केलं असतं, तर ती अट गर्भित. एक जरी 'थांबा, बघू' म्हणाला, तरी अट बाद. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ साली एका वीज कंपनीच्या खटल्यात या आगाऊ गृहस्थांची दखल घेतली आहे.

बिचाऱ्या मॅकिननसाहेबांना तो माणूस कल्पावा लागला. आमच्या लिव्ह अँड लायसन्सच्या वेळी तो समोरच्या दिवाणावर बसून बशीत चहा ओतत होता. घरमालकांचे शेजारी. कशाला आले होते, कुणीच विचारलं नाही.

"पाण्याचं बोललात का?" काकांनी सुरुवात केली.

"ते आहेच की," मी म्हणालो.

"सकाळी तासभर," मालक म्हणाले.

"कपडे गॅलरीत वाळत घालणार?"

"मग कुठे?" आमची ही.

"आतल्या खोलीत," मालकीणबाई.

बशी रिकामी होईपर्यंत दोन्ही बाजूंनी मनात धरलेल्या बहुतेक अटी निकालात निघाल्या होत्या. एका महिन्याच्या भाड्याएवढं कमिशन डोळ्यांदेखत बुडताना पाहून एजंट कासावीस झाला.

"काका, तुम्हाला उशीर होत असेल ना?"

"छे! मी रिटायर्ड आहे. बरं, यांच्या आई येऊन राहिल्या, तर त्या पाहुण्यांत धरायच्या की घरच्यांत?"

"हे काय विचारणं झालं!" आमची ही आणि मालकीणबाई एकदमच म्हणाल्या.

अट मॅकिननसाहेबांच्या कसोटीला उतरली. नक्की कोणती, हे कुणी विचारायच्या आत एजंटाने अंगठ्याचं मशीन पुढे सरकवलं.