उकडकर्ते

निवृत्त झालेला मराठी मध्यमवर्गीय गृहस्थ पूर्वी वेदान्ताकडे, ज्योतिषाकडे किंवा होमिओपॅथीकडे वळत असे, आणि या तिन्ही मार्गांत त्याच्या घरचे स्वयंपाकघर निदान सुरक्षित राहत असे. अलीकडे मात्र त्याच वयाच्या, त्याच पेन्शनीच्या आणि त्याच खणखणीत आवाजाच्या गृहस्थांचा एक नवा पंथ उदयास आला असून, रक्ततपासणीच्या अहवालात कोलेस्टेरॉलचा आकडा 200 च्या पलीकडे गेलेला पाहताच ज्याच्या ठायी एका रात्रीत तळणाविषयी वैराग्य, गाईम्हशींविषयी करुणा आणि वाफेविषयी अनन्य भक्ती उत्पन्न होते, त्या पुरुषास मी उकडकर्ता म्हणतो.

या जातीचा माझ्या पाहण्यातील सर्वोत्कृष्ट नमुना पुण्यात आमच्याच आळीत राहतो. महसूल खात्यात हयात घालवलेल्या या रावसाहेबांनी दीक्षा घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी कढई जप्त केली, तुपाची बरणी माळ्यावर हद्दपार केली, दुधाचा रतीब पुढील हुकूम होईपर्यंत तहकूब केला आणि मग नातवंडांच्या तक्रारअर्जांवर ‘दाखल’ असा शेरा मारून ते ओट्यापाशी उभे राहिले. 1944 साली इंग्लंडात काही मोजक्या शाकाहारी मंडळींनी दूधदुभतेही वर्ज्य करून व्हीगन संस्था स्थापन केली, ही हकीकत ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावे, त्या सभेचे इतिवृत्त यांच्याच हस्ताक्षरात असावे.

त्यांचा मुख्य विधी, म्हणजे डाळीचे मुटके उकडणे, रविवारी सकाळी होतो. तूरडाळ आणि हरभऱ्याची डाळ समभाग, वर मूठभर मूगडाळ, अशी रात्रीच भिजत पडलेली असते. ती कोणी भिजत घातली, हा प्रश्न कामकाजात येत नाही. डाळ चाळणीत निथळून, पाण्याचा थेंबही न घालता भरड वाटायची, कारण गंधासारखी बारीक वाटली तर मुटका आतून घट्ट बसतो आणि वाफेला शिरायला वाट राहत नाही, हे ते वाटणाऱ्याला, म्हणजे वहिनींना, दर रविवारी समजावून सांगतात. मग कांदा, कोथिंबीर, शेपू, किसून पिळलेला दुधी, गाजर, मिरची-लसणाचा ठेचा, जिरे आणि हळद यांची भरती होते. मीठ मात्र अगदी शेवटी, मुटके वळण्याच्या ऐन क्षणी. कारण मिठाने भाज्यांना पाणी सुटते आणि एकदा पाणी सुटले की मुटका वळत नाही, नुसताच पसरतो. हे सर्व निःसंशय खरे आहे, आणि सत्य इतक्या मोठ्याने सांगितले गेल्यामुळेच केवळ त्याच्याविषयी मनात संशय येतो.

मुटके तेलाचा हात फिरवलेल्या चाळणीत बसले, चाळणी मोदकपात्रात बसली आणि झाकणाला पंचा गुंडाळला गेला (वाफेचे पाणी ठिबकून मुटके चिकट होऊ नयेत म्हणून) की रावसाहेब खऱ्या अर्थाने गादीवर येतात. पुढील 20 मिनिटे झाकण उघडण्याची कोणालाही इजाजत नसते. तेवढ्या अवकाशात पाहुण्याला पदार्थविज्ञान ऐकावे लागते: पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच असल्यामुळे येथे पाणी 100 नव्हे, 98 अंशांच्या आसपासच उकळते, सबब मुंबईच्या मुटक्यापेक्षा पुण्याच्या मुटक्यास मिनिट-दोन मिनिटांची सवलत देणे न्याय्य ठरते. मुंबईपुढे पुण्याला सवलत लागते, असे त्यांनी अन्य कोणत्याही बाबतीत मान्य केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. शेवटी सुरी खुपसून पंचनामा होतो आणि सुरी कोरडी निघाली की मुटके पाच मिनिटे तसेच निवू देऊन, मोहरी, तीळ, हिंग आणि कढीपत्त्याच्या चमचाभर तेलातल्या फोडणीसह ते मंडळींपुढे रुजू होतात.

आता गंमत अशी की, ज्या वस्तूला रावसाहेब ‘माझा प्रयोग’ म्हणतात, तिला खानदेशात फुणके म्हणतात, आणि वहिनींचे माहेर जळगावकडचे आहे. ज्या घरात त्यांच्या आजीने चुलीवर पातेले ठेवून, त्याच्या तोंडाशी फडके बांधून, कोणत्याही अहवालाची वाट न पाहता आयुष्यभर डाळी उकडल्या, त्या घरच्या कन्येने फुणक्यांवरील व्याख्यान दर आठवड्यास ऐकून घ्यावे, याला सहनशीलता म्हणावे की दूरदृष्टी, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही. त्यांचा बांध फुटला तो एकदाच, आणि तो कढीवरून. फुणके म्हणजे कढी, हा खानदेशाचा दंडक. पण कढी ताकाची, आणि ताक हुकुमाने बंद. रावसाहेबांनी तडजोड म्हणून नारळाच्या दुधाची सोलकढी सुचवली, तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाल्या, ‘सोलकढीचं माहेर कोकणात. माझं नाही.’ तो ठराव त्याच बैठकीत बारगळला.

याहून बिकट प्रसंग भाद्रपदात आला. उकडीचा मोदक हा या पंथाच्या दृष्टीने जवळजवळ निर्दोष पदार्थ. प्रश्न फक्त त्यावर सोडायच्या तुपाचा होता आणि तो रावसाहेबांनी खोबरेल तेल सुचवून, म्हणजे न सोडवता, सोडवला. परंतु पूजेला गुरुजींनी पंचामृत मागितले. दूध, दही, तूप, मध, साखर, अशी यादी समोर येताच रावसाहेबांच्या ध्यानात आले की पाचांपैकी चार जिन्नस (मध मधमाश्यांच्या मालकीचा असल्यामुळे तोही) नामंजूर होतात आणि देवाला नुसत्या साखरेचे स्नान घालावे लागते. गुरुजींना पुढे अजून सात घरे गाठायची होती. देवापुरता अपवाद तोंडी मंजूर झाला. लेखी काही ठेवले गेले नाही.

तसे अपवाद आणखीही आहेत. त्यांच्या नियमाची हद्द त्यांच्या उंबरठ्याशी संपते, असे अमृततुल्याच्या दुकानात सायंकाळी दुधाळ चहापुढे बसलेल्या रावसाहेबांना पाहून मला खात्रीने सांगता येते. डाळीत शंभर ग्रॅममागे वीस-बावीस ग्रॅम प्रथिने असतात, हे ते कोणालाही सांगतात. ब-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितले, आणि त्याची गोळी ते घेतात, पण तिच्यावर व्याख्यान देत नाहीत. तसेच मोदकपात्र, चाळणी, मिक्सरचे भांडे, पिवळा झालेला पंचा आणि डाळ शिंतडलेला ओटा हा कारभार त्यांच्या खात्याकडे कधीच वर्ग झालेला नाही.

एवढे लिहूनही एक गोष्ट कबूल करणे न्यायाचे होईल: रावसाहेबांकडचे फुणके उत्तम असतात. हलके, खमंग, तोंडात टाकताच मोकळे होणारे. चार खाल्ले तरी जेवणाच्या भुकेला धक्का न लावणारे. तेव्हा आपल्या आळीतल्या उकडकर्त्याचे बोलावणे आले तर वाचकहो, अवश्य जावे, मुकाट ऐकावे आणि पोटभर खावे. फक्त स्तुती करताना तोंड वहिनींकडे ठेवावे, आणि निघण्यापूर्वी आपल्या घरी वाटीभर कढी पिऊन जावे.